घरावरील सौर पॅनेल व त्याची निगा

महाड-पोलादपूरच्या डोंगरभागात वीज पोहोचली, तरी ती टिकून राहणे ही आजही अडचणच आहे. मृगाचा पहिला वादळी पाऊस झाला की कुठेतरी झाडाची फांदी तारेवर येते, खांब कलतो आणि वाडी अंधारात जाते. त्यातून आपल्या वस्त्या बहुधा गावाच्या एका कडेला, लाइनच्या शेवटच्या खांबावर वसलेल्या. दाब कमी मिळतो तो तिथेच, आणि दुरुस्ती उशिरा पोहोचते तीही तिथेच. अशा स्थितीत हिरकणीवाडीसारख्या रायगडाच्या पायथ्याच्या वाडीत घरावर सौर पॅनेल बसणे ही चैन नसून गरज आहे.

परंतु बसवणे आणि टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत नोकरी करणारा मुलगा कर्ज काढून गावच्या घरावर पॅनेल बसवतो. बसवणारा कारागीर बोल्ट आवळतो, बटण कुठले ते दाखवतो आणि निघून जातो. घरात राहतात ते वृद्ध आईवडील. त्यांना निगेविषयी कोणी काही सांगितलेले नसते. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते, वीज कमी येऊ लागते आणि 'सोलर काही खरे नाही' असा निष्कर्ष निघतो. पाणवठ्याजवळचा किंवा विहारासमोरचा सौर दिवा बंद पडलेला आपण अनेक ठिकाणी पाहतो. त्याचे पॅनेल बहुधा शाबूत असते, फक्त बॅटरी मेलेली असते. पॅनेल ही पंचवीस वर्षे चालणारी वस्तू आहे. ती फार थोडी निगा मागते, पण ती वेळच्या वेळी मागते. ही निगा आपल्या वाडीतल्या माणसांनाच घेता आली पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

बाबासाहेब आणि वीज

विजेचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्या अखत्यारीत होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडणी केली. दारिद्र्यातून सुटका हवी तर देशात उद्योग वाढले पाहिजेत, उद्योग वाढायचे तर वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. विजेकडे त्यांनी माणसाच्या मुक्तीचे साधन म्हणून पाहिले. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी पाण्याचा हक्क बजावला गेला, त्या महाडच्या परिसरातील मुलाला रात्री अभ्यासाला उजेड मिळणे हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

पॅनेल काम कसे करते?

उजेडापासून वीज निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. आपल्या घरावरचे पॅनेल म्हणजे अशा घटांची जुळणी होय. वर जाड कडक काच, तिच्याखाली पारदर्शक चिकट थर, मध्ये घट, खाली पुन्हा तोच थर आणि पाठीला संरक्षक पडदा. भोवती ॲल्युमिनियमची चौकट. पाठीमागे एक काळी पेटी असते, तिच्यातून दोन वायरी निघतात. आत हलणारा, झिजणारा एकही भाग नाही. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकते.

हे घट एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात. शेताच्या पाटात एका जागी दगड पडला तर पुढचे सगळे पाणी अडते, तसे एका घटावर सावली किंवा घाण आली की त्या ओळीची वीज अडते. अडथळा टाळून वीज पुढे जावी म्हणून काळ्या पेटीत डायोड बसवलेले असतात, पण ते त्या ओळीचे उत्पादन परत आणू शकत नाहीत. शिवाय झाकलेला घट तापतो आणि तिथे डाग पडून तो कायमचा खराब होऊ शकतो. कावळ्याच्या एका विष्ठेने काय होणार, असे म्हणू नये ते यासाठी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पॅनेलला ऊन हवे, पण ताप सोसत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. वैशाखात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले तर दहा ते पंधरा टक्के वीज नुसत्या तापाने जाते. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांच्यात वीतभर तरी मोकळी जागा असावी, आणि तिथे लाकडे, पेंढा, जुनी कौले कोंबू नयेत.

आपल्या घरी कोणती व्यवस्था आहे?

निगा ठरवण्याआधी हे माहीत पाहिजे. पहिला प्रकार लहान घरदिव्यांचा. पॅनेल, बॅटरी, दोन-चार दिवे आणि मोबाइल लावायची सोय. दुसरा प्रकार महावितरणच्या लाइनला जोडलेला. यात बॅटरी नसते. दिवसा जास्त झालेली वीज लाइनवर जाते आणि नेट मीटरवर तिची नोंद होते. तिसरा प्रकार या दोहोंचा मेळ, म्हणजे लाइनही आणि बॅटरीही.

दुसऱ्या प्रकाराबाबत मोठा गैरसमज आहे. लाइन गेली की भर उन्हातही ही यंत्रणा बंद पडते आणि लोकांना वाटते की ती बिघडली. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून जाणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर जिल्ह्यातील पुष्कळ गावे अनेक दिवस विजेविना राहिली. अशा वेळी बॅटरी नसलेले सोलर उपयोगी पडत नाही. ज्या घरात वृद्ध, आजारी किंवा शाळकरी मुले आहेत, तिथे दोन-तीन दिव्यांपुरती तरी बॅटरीची वेगळी सोय ठेवणे शहाणपणाचे.

पुसणे : केव्हा आणि कसे

आपल्या भागात घाण तीन वाटांनी येते. माघ-फाल्गुनापासून डोंगरावर वणवे लागतात आणि शेतात राब भाजले जातात, त्याची काजळी व राख. कच्चा रस्ता, वीटभट्टी किंवा महामार्गाचे काम जवळ असेल तर तांबडी धूळ. आणि पक्ष्यांची विष्ठा, आंबा-फणसाचा पाला, चीक. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने ही धूळ ओली होते, दिवसा वाळते आणि काचेवर तिचा पापुद्रा धरतो. म्हणून कोरड्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा, आणि राब-वणव्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पॅनेल पुसावे.

वेळ सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर काच तडकू शकते. आधी साधे गोडे पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग जुन्या सुती लुगड्याच्या धडप्याने किंवा मऊ स्पंजने वरून खाली पुसावे. विष्ठा वाळली असेल तर तिच्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे, ती आपोआप सुटते. भांड्यांना चालते ते इथे चालत नाही. राख, माती, नारळाची शेंडी, तारेचा घासणा, कपड्याची पावडर यांतले काहीही काचेला लावू नये. बारीक ओरखडे एकदा पडले की जात नाहीत आणि त्यांत धूळ कायमची बसते. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर पांढरे डाग राहतात. पॅनेलवर पाय देऊन कधीही उभे राहू नये. काच फुटली नाही तरी आतले घट चिरतात, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही.

याचा हिशेब सोपा आहे. दोन किलोवॅटची यंत्रणा चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ८ युनिट देते. धुळीने त्यातले दहा टक्के गेले असे धरले, तर कोरड्या आठ महिन्यांत सुमारे १९० युनिट फुकट जातात. त्यांची किंमत एका बादलीभर पाण्याची आणि अर्ध्या तासाची आहे.

सावली

गडकिल्ल्यांच्या पायथ्याला सावलीचा प्रश्न विशेष असतो. कड्याची सावली आपण हलवू शकत नाही. ती किती वाजेपर्यंत राहते हे पाहून पॅनेलची जागा ठरवावी लागते. झाडाची सावली मात्र आपल्या हातात आहे. हिरकणीवाडी साधारण अठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून पंधरा ते वीस अंशांच्या उतारावर असावे. डिसेंबरात सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे बराच खाली असतो. पावसाळ्यात निरुपद्रवी वाटणारा दक्षिणेचा आंबा तेव्हा पॅनेलवर लांब सावली टाकतो. संपूर्ण झाड तोडण्याची गरज नसते, फांद्या छाटल्या तरी पुरते. टीव्हीची डिश, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची दोरीही पॅनेलपुढून हलवावी. वानरांचा उपद्रव असेल तर वायरी पाइपमधून न्याव्यात, लोंबत्या वायरी ती हमखास ओढतात.

पाऊस, वारा आणि वीज कडाडणे

पाऊस पॅनेल धुऊन काढतो हे खरे, पण कोकणचा पाऊस नुसता धूत नाही, शेवाळही आणतो. चौकटीच्या खालच्या कडेला पाणी साचते, तिथे चिखलाची रेघ धरते आणि तिच्यावर हिरवट थर येतो. उतार कमी असेल तर हे अधिक होते. पावसाची उघडीप मिळाली की लांब दांड्याच्या मऊ ब्रशने, खाली उभे राहूनच, ती कड साफ करावी. ओल्या पत्र्यावर किंवा शेवाळलेल्या स्लॅबवर चढू नये. दहा युनिट विजेसाठी हातपाय मोडून घेण्यात अर्थ नाही.

वाऱ्यासाठी नट-बोल्ट पाहावेत. निसर्ग वादळात किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारे वाहिले. सैल पॅनेल अशा वाऱ्यात पत्र्यासह उचलले जाते. दरवर्षी पावसापूर्वी प्रत्येक बोल्ट पान्याने तपासावा, गंजलेला असेल तो बदलावा, आणि पत्र्याला पाडलेल्या भोकांवरचे रबर चिरले आहे का ते पाहावे.

अर्थिंगकडे फार दुर्लक्ष होते. साधारणपणे घराच्या सोलरला तीन वेगळे अर्थिंग असतात. एक पॅनेलच्या चौकटीचे, एक इन्व्हर्टरचे आणि एक वीजरोधक सळीचे. आपली जांभ्याची, मुरमाची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे. वळवाचा गडगडाट सुरू होतो तो नेमका तेव्हाच. पट्टी कुठे तुटली, गंजली किंवा कोणी भंगारासाठी काढून नेली नाही ना, हेही पाहावे.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात आणि नदीकाठच्या गावांत घरांमध्ये पाणी शिरले. सावित्री, गांधारी व काळ नद्यांच्या काठी ज्यांची घरे आहेत त्यांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी त्या पुराच्या खुणेच्या वर बसवावी. पाणी शिरलेच तर ओसरल्यावर स्वतः बटण चालू करू नये. पुराचे पाणी इन्व्हर्टरमध्ये असले तरी छपरावरचे पॅनेल ऊन पडताच वीज तयार करत असते.

यावरून सर्वांत महत्त्वाचा नियम लक्षात ठेवावा. सूर्य आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. लहान घरदिव्याच्या पॅनेलचा दाब थोडा असतो, पण मोठ्या यंत्रणेत पॅनेल ओळीने जोडलेले असल्याने दाब काही शे व्होल्ट होतो आणि तो जीव घेऊ शकतो. काही करायचे तर आधी घराकडचा स्विच, मग पॅनेलकडचा स्विच बंद करावा. वीज वाहत असताना वायरीचे जोड ओढून सोडवू नयेत, ठिणगीची ज्वाळा होते. काच तडकलेले पॅनेल टेप लावून चालवू नये. धुणे, पुसणे, पाहणे आणि नोंद ठेवणे हे घरच्यांचे काम. पेटी उघडणे आणि वायर जोडणे हे जाणकार वायरमनचेच काम.

समुद्रकिनारी घर असेल तर

आपल्या संस्थेच्या सभासदांच्या लेकीबाळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडेही दिलेल्या आहेत. डोंगरातली निगा आणि किनाऱ्यावरची निगा यांत फरक आहे, आणि तो मिठाचा आहे. खारट हवेत मिठाचे बारीक कण असतात. लाटांपासून काहीशे मीटरच्या आत ते सर्वांत जास्त, पण वाऱ्याबरोबर काही किलोमीटर आतपर्यंत येतात. खाडीकाठही यातून सुटत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेब व त्यांचे सहकारी मुंबईहून जलमार्गाने दासगाव बंदरात उतरून महाडला आले होते. खाडीचे पाणी आपल्या तालुक्यात किती आत येते हे त्यावरून कळते.

मीठ दोन प्रकारे नुकसान करते. काचेवर त्याचा पातळ थर बसतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, तो थर ओला राहतो, त्याला धूळ चिकटते आणि उजेड अडतो. दुसरे नुकसान धातूचे. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साध्या लोखंडाचा बोल्ट लावला आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा आला, की त्या दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि एक धातू खाल्ला जातो. वायरीच्या जोडात मीठ गेले तर तो जोड तापतो.

खरेदीच्या वेळीच चार गोष्टी पाहाव्यात. पॅनेल मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत उतरलेले असावे. तिचा क्रमांक आय.ई.सी. ६१७०१ असा माहितीपत्रकात छापलेला असतो. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला असावा, नुसता रंगवलेला नसावा. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. आत डोंगरात ३०४ प्रत चालते. इन्व्हर्टर समुद्राकडच्या भिंतीवर न लावता घरात, आडोशाला लावावा.

नंतरची निगा म्हणजे गोडे पाणी. ऑक्टोबर ते मे पंधरा दिवसांतून एकदा, आणि वारा समुद्रावरून जोराने येत असेल तर आठवड्यातून एकदा, काच, चौकट, बोल्ट आणि सांगाडा असे सगळे गोड्या पाण्याने धुवावे. नुसती काच पुसून भागत नाही. विहीर मचूळ असेल तर तिचे पाणी वापरू नये, त्याने मीठ जाण्याऐवजी वाढते. सांगाड्याला जिथे कापले किंवा भोक पाडले आहे तिथून गंज सुरू होतो. त्या जागा दरवर्षी घासून जस्ताच्या रंगाने रंगवाव्यात. वादळानंतर पहिल्या शांत दिवशी सर्व धुऊन घ्यावे, कारण वादळ फवाऱ्याचे मीठ नेहमीपेक्षा फार आत आणते.

बॅटरी

सोलरमध्ये सर्वांत आधी मरते ती बॅटरी. आम्लाची बॅटरी नीट सांभाळली तर चार-पाच वर्षे जाते, न सांभाळली तर दोन वर्षांतही बसते. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहावी आणि खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच भरावे. नळाचे, झऱ्याचे किंवा पावसाचे पाणी घालू नये, आम्लही घालू नये. टोकांवर पांढरा-हिरवा बुरा आला तर कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने तो धुवावा, कोरडे करावे आणि वर व्हॅसलीन लावावे. बॅटरीची खोली हवेशीर असावी, तिथे विडी-काडी पेटवू नये. काम करताना डोळे आणि हात झाकावेत. लिथियमच्या बॅटरीला पाणी लागत नाही, तिला फक्त गारवा आणि कोरडी जागा हवी.

बॅटरी पूर्ण रिकामी करण्याची सवय तिचा जीव घेते. निम्मी उतरली की वापर आवरावा. पावसाळ्यात ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत. तेव्हा आधी मुलांच्या अभ्यासाचा दिवा आणि मोबाइल, मग पंखा, आणि टीव्ही सर्वांत शेवटी, असा क्रम घरात ठरवून ठेवावा.

मुंबईकर सभासदांसाठी एक सूचना. घर चार-सहा महिने बंद ठेवून जाताना बॅटरी पूर्ण भरावी, घरातला वापर बंद करावा, पण पॅनेलची जोडणी नियंत्रकामार्फत चालू ठेवावी. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेली बॅटरी पडून राहिली की मरते. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन महिन्याला पाणी पाहायला सांगावे.

नोंदवही

इन्व्हर्टरवर रोजचे युनिट दिसतात. ते रोज संध्याकाळी वहीत लिहिणे हे काम आठवीच्या मुलाला सहज जमते, आणि त्याचे विज्ञानही पक्के होते. एक किलोवॅटला स्वच्छ उन्हात सुमारे ४ युनिट, पावसाळ्यात त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी, असा अंदाज धरावा. यंदाचा फेब्रुवारी मागच्या फेब्रुवारीशी ताडून पाहावा. पॅनेल वयोमानाने वर्षाला एक टक्क्याहूनही कमी उतरते. तेव्हा पंधरा-वीस टक्क्यांची घट दिसली तर ते वय नव्हे, काहीतरी बिघडले आहे असे समजावे. घट हळूहळू आली असेल तर घाण किंवा वाढलेले झाड. एकाएकी आली असेल तर सैल जोड, उडालेला फ्यूज किंवा मेलेली ओळ. ठरावीक वेळीच येत असेल तर ती सावली. रात्री दिवे लवकर मंदावत असतील तर बॅटरी. एवढे सांगता आले तरी येणारा कारागीर आपल्याला फसवू शकत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. या योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करायची असते. तो करार, पावत्या, पॅनेलचे क्रमांक आणि वॉरंटीची कागदपत्रे याच वहीला जोडून ठेवावीत. वही दाखवली की मागणीला वजन येते.

आपल्या दिनदर्शिकेतले वेळापत्रक

वेगळे वेळापत्रक लक्षात राहत नाही. म्हणून आपण ज्या दिवशी एकत्र येतोच, त्या दिवसांना ही कामे जोडावीत.

१४ एप्रिल, भीमजयंती : घर सारवतो, रंगवतो, तसेच राब-वणव्याची काजळी धुऊन पॅनेल स्वच्छ करावे. अर्थिंगला पाणी सुरू करावे.

वैशाख पौर्णिमा : पावसापूर्वीची तपासणी. बोल्ट, वायरी, अर्थिंगची पट्टी, पत्र्याची भोके, झाडांच्या फांद्या.

आषाढी ते आश्विन पौर्णिमा, वर्षावास : छपरावर चढू नये. बॅटरीचे पाणी, वापरावर आवर, उघडिपीत खालची कड साफ.

१४ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन : पावसानंतरची तपासणी. शेवाळ, गंज, पेटीत शिरलेल्या मुंग्या व पाली, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. मुंग्या-पाली दिसल्या तर पेटी उघडायला वायरमन बोलवावा.

६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन : हिवाळ्यातील लांबलेल्या सावल्या पाहाव्यात आणि वर्षभराची वही तपासावी.

एकट्या घराचे काम नव्हे

पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या सुमारे चाळीस घरांच्या दुर्गम वाडीत २०१२ साली गावापुरता सौर प्रकल्प उभा राहिला. तिथे गावकऱ्यांचा न्यास नेमला गेला, घरोघरी मीटर लागले आणि वापराप्रमाणे मिळणाऱ्या पैशातून देखभालीचा निधी साठवण्याची पद्धत ठेवली गेली. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ पासून काम करणाऱ्या बेअरफूट कॉलेजने तर निरक्षर आणि अल्पशिक्षित स्त्रियांना रंग व खुणांच्या साहाय्याने सौर यंत्रणा जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. आफ्रिकेतील खेड्यांतून आलेल्या आजीबाईही तिथून शिकून परतल्या. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली, तीही लहानच वाडी आहे.

आपल्या वाड्यांत आयटीआय झालेले तरुण आहेत, बचतगटांच्या हिशेबी भगिनी आहेत. प्रत्येक वाडीने एक तरुण व एक भगिनी अशी जोडी नेमावी. घरटी महिन्याला ठरावीक रक्कम निगेच्या निधीत जमा करावी, म्हणजे पाच वर्षांनी बॅटरी बदलताना कर्ज काढावे लागणार नाही. शिडी, मल्टिमीटर, रबरी हातमोजे, पान्यांचा संच आणि लांब दांड्याचा ब्रश एवढे साहित्य विहारात सामाईक ठेवावे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नये, तिच्यातले शिसे आणि आम्ल विहिरीत उतरते. ती विक्रेत्याला परत द्यावी. निकामी पॅनेलही २०२२ च्या नियमांनुसार ई-कचऱ्यात मोडते, तेही नदीकाठी टाकू नये.

विनयपिटकात भदंत आनंद आणि राजा उदयन यांचा संवाद आहे. इतकी चीवरे घेऊन काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. जुन्या चीवरांची अंथरुणे, जुन्या अंथरुणांची बसकरे, त्यांची पायपुसणी, पुढे झाडणीची फडकी, आणि तीही विरली की मातीत कालवून भिंत-जमीन लिंपू, असे आनंदांनी सांगितले. दानात मिळालेली वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत उपयोगी ठेवायची ही संघाची रीत होती. तथागतांनी अखेरच्या उपदेशात ज्या अप्पमादावर भर दिला, तो अप्पमाद म्हणजे रोजच्या कामात गाफील न राहणे. ध्यानाला तो लागू आहे तसाच छपरावरच्या काचेलाही आहे.

कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन आपण घरावर उजेड आणला आहे. तो पंचवीस वर्षे टिकावा, यासाठी येत्या वैशाख पौर्णिमेला प्रत्येक वाडीने आपली जोडी नेमून नोंदवही सुरू करावी, अशी सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!